एक ठसा, शेकडो चित्रे

घाटाची चढण आहे. अवचित पाऊस आला आहे. वाऱ्याने झाडे वाकली आहेत. वाटसरू डोके झाकून पळताहेत. भोई डोली घेऊन चढताहेत. आम्ही हे चित्र पुस्तकात पाहिले आणि वाटले, हा तर आपला कुंभार्ली घाट!

पण चित्र जपानचे. हिरोशिगे नावाच्या चित्रकाराने ते १८३३ च्या सुमारास काढले. एदो, म्हणजे आजचे टोकियो. तेथून क्योतोला जाणाऱ्या वाटेवर ५३ मुक्काम होते. त्या मुक्कामांची त्याने चित्रे केली.

ती छापत कशी? ग्रामपंचायतीचा शिक्का पाहा. त्यावर अक्षरे उलटी असतात, कागदावर सुलटी उमटतात. तसेच हे. चित्राचा पातळ कागद फळीवर पालथा चिकटवीत. रेघा तेवढ्या ठेवून बाकीचे लाकूड कोरून काढीत. मग शाई लावून वर कागद ठेवीत आणि घाशीत. दर रंगाला सहसा वेगळा ठसा. एका ठशातून शेकडो चित्रे निघत. म्हणून ती स्वस्त पडत, साध्या माणसालाही घेता येत.

आपल्या मिरजेतही असाच उद्योग झाला. १८०५ साली तांब्याच्या पत्र्यावर अक्षरे कोरून तेथे भगवद्गीता छापली. एरवी पोथी हाताने उतरवून घ्यावी लागे. ती किती जणांच्या घरी असणार?

मंडळी, अंगठा हाही ठसाच. काल आपण तो उठवीत होतो. आज छापलेले वाचतो आहोत. हा फरक लहान नव्हे.