पाटीवरचे नाव, ओठांवरचे नाव

आपल्या घरांत नाव ठेवण्याचे प्रसंग दोन. बारशाला आत्या बाळाच्या कानात नाव सांगते आणि लग्नात ताटातल्या तांदळांवर अंगठीने सुनेचे नवे नाव लिहिले जाते. पहिल्याबद्दल सहसा कुणाची तक्रार नसते. दुसऱ्याची गोष्ट निराळी. सासरी ती 'सुमती' झाली तरी माहेरची माणसे तिला 'यमू' म्हणूनच हाक मारतात! सार्वजनिक वास्तूंचेही असेच आहे. दोन उदाहरणे पाहा.

अमेरिकेच्या काँग्रेसने १९५८ साली वॉशिंग्टनमध्ये राष्ट्रीय सांस्कृतिक केंद्र उभारण्याचा कायदा केला. पैसा लोकवर्गणीतून यायचा होता. तो जमवण्यासाठी पुढे अध्यक्ष केनेडींनी मोठी खटपट केली. २२ नोव्हेंबर १९६३ रोजी त्यांचा खून झाला आणि अवघ्या दोन महिन्यांनी, २३ जानेवारी १९६४ रोजी, नव्या कायद्यावर अध्यक्ष जॉन्सन यांची सही होऊन केंद्राला केनेडींचे नाव मिळाले. केंद्राचे दरवाजे मात्र १९७१ साली उघडले. म्हणजे मूल जन्मण्यापूर्वीच त्याचे नाव बदलले! जुने नाव कुणाच्या ओठी बसलेलेच नव्हते, म्हणून नवे सहज रुळले. पुढे डिसेंबर २०२५ मध्ये केंद्राच्या मंडळाने त्या नावाला अध्यक्ष ट्रम्प यांचे नाव जोडण्याचा ठराव केला, तेव्हा मात्र वादळ उठले. कायद्याने दिलेले नाव नुसत्या ठरावाने बदलता येते काय, हा त्यातला कळीचा प्रश्न होता.

दुसरे उदाहरण आपल्या भायखळ्याचे. राणीच्या बागेत १८७२ साली एक देखणे संग्रहालय लोकांसाठी खुले झाले. नाव व्हिक्टोरिया अँड आल्बर्ट म्युझियम. राणी आणि तिचा पती, दोघांनीही मुंबईचे तोंड कधी पाहिले नव्हते. संग्रहालयासाठी झटलेली माणसे निराळीच होती. जॉर्ज बर्डवूड, नाना शंकरशेट, आणि त्यांच्याबरोबर डॉ. भाऊ दाजी लाड.

भाऊ मूळचे गोव्याचे. ग्रँट मेडिकल कॉलेजातून १८५१ साली बाहेर पडलेल्या पहिल्या तुकडीतले डॉक्टर. गरिबांना औषध देता देता त्यांनी महारोगावर उपाय शोधण्याचा ध्यास घेतला, जुने शिलालेख वाचले, आणि १८५२ साली स्थापन झालेल्या बॉम्बे असोसिएशनमधून सरकारपुढे हिंदी लोकांची गाऱ्हाणी मांडली. दोनदा ते मुंबईचे शेरीफ झाले. १८७४ साली ते गेले, आणि संग्रहालयाच्या पाटीवर त्यांचे नाव चढले ते १९७५ साली. मध्ये गेली एकशे एक वर्षे!

केनेडींना दोन महिने, भाऊंना एक शतक. उशीर वाईटच; पण त्याचा एक गुण आहे. शोकाच्या किंवा सत्तेच्या भरात दिलेल्या नावाची पारख व्हायची असते. शंभर वर्षांनी दिलेल्या नावामागे ना सत्ता असते, ना खुशामत. उरते ते केवळ ऋण. तेवढ्यापुरते तरी 'नाव सोनुबाई, हाती कथलाचा वाळा' असे होण्याचे भय नाही.

तरीही ऋण पाटीने फिटत नाही. संग्रहालयाभोवतीच्या बागेला वीरमाता जिजाबाई भोसले यांचे नाव देऊन कैक वर्षे झाली. तरी आपली मुले हट्ट धरतात तो 'राणीच्या बागेचा'च. कायदा पाटी बदलू शकतो, जीभ नाही. जीभ वळते ती गोष्टीने. ज्याचे नाव, त्याची गोष्ट घरोघर सांगितली गेली पाहिजे.

याचा पुरावा खुद्द भाऊंच्याच नावात आहे. त्यांचे खरे नाव रामकृष्ण विठ्ठल लाड. 'भाऊ' ही घरातली हाक आणि 'दाजी' हे वडिलांचे घरगुती नाव! लोकांनी तेच उचलले, तेच जपले, आणि अखेर सरकारी कागदालाही तेच स्वीकारावे लागले. एवढ्या नामांतरांत लोकांच्या ओठांवरचे नाव पाटीवर गेल्याचे असे भाग्य क्वचितच लाभते.

यंदा दिवाळीच्या सुट्टीत मुलांना राणीच्या बागेत नेलेत, तर पेंग्विन पाहून झाल्यावर तसेच परतू नका. संग्रहालयाच्या दारात घटकाभर थांबा आणि पाटीवरचे नाव मुलांकडून मोठ्याने वाचून घ्या. "हे कोण, बाबा?" असे ती विचारतीलच. उत्तर तयार ठेवा, म्हणजे झाले.