'स्वामी' संपली, आता पुढे काय?

'स्वामी' वाचून रडला नाही असा मराठी मुलगा विरळाच. मुली कबूल करतात, आम्ही "डोळ्यात काहीतरी गेलं" म्हणतो, एवढाच फरक! रणजित देसाईंची ही कादंबरी १९६२ ची, १९६४ ला तिला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला, आणि आजही होस्टेलवर तिची एखादी तरी कव्हर फाटलेली प्रत फिरत असतेच. पण पुस्तक मिटल्यावर बहुतेकांची गाडी तिथेच थांबते. माझी थांबली नाही. माधवराव पेशव्यांची अकरा वर्षं (१७६१ ते १७७२) हा माझा कायमचा टाईमपास होऊन बसला. सबमिशनच्या काळात तर जास्तच.

आधी काळ समजून घ्या. १४ जानेवारी १७६१ ला पानिपत झालं. विश्वासराव, सदाशिवरावभाऊ गेले, त्या धक्क्याने नानासाहेबही त्याच वर्षी गेले आणि गादीवर आला सोळा वर्षांचा मुलगा. आपण त्या वयात अकरावीच्या क्लासला सायकल मारत होतो. याला मिळालं काय, तर डोक्यावर कर्ज, दारात निजाम, खाली कर्नाटकात हैदर, आणि घरात राघोबादादा. १७६३ मध्ये राक्षसभुवनला निजामाला हरवलं, १७६८ मध्ये धोडपला खुद्द काकाला हरवून शनिवारवाड्यात नजरकैदेत ठेवलं, आणि १८ नोव्हेंबर १७७२ ला थेऊरला क्षयाने गेले. वय सत्तावीस. यात कादंबरीकाराला वेगळं नाट्य घालायची गरजच नाही.

आता मुद्दा असा, की यातलं खरं किती? काही विद्वान मित्र म्हणतात, कादंबऱ्या वाचूच नका, इतिहास बिघडतो. मला हे पटत नाही. कादंबरी आधी वाचावी, माणसं ओळखीची होतात. मग कागदपत्रांत "चिरंजीव दादा" असं दिसलं की तो कोण हे शोधत बसावं लागत नाही. फक्त एक चाचणी मनात ठेवायची : या प्रसंगाला तिथे तिसरं कोण हजर होतं? रमाबाई आणि माधवराव रात्री महालात काय बोलले हे लिहून ठेवायला कारकून नव्हता. म्हणजे ते बोलणं देसाईंचं. पण माधवरावांनी मरणापूर्वी कलमवार याद करून ठेवली आणि त्यात राज्याचं कर्ज फेडावं असं बजावलं, हे कागदावर आहे. मला विचाराल तर त्या यादीने जास्त गलबलून येतं. माणूस मरतोय आणि देणेकऱ्यांचा हिशेब सांगतोय!

कादंबरीनंतर गो. स. सरदेसाईंची 'मराठी रियासत' घ्यावी. जाड आहे, पण आपण थर्मोडायनॅमिक्स वाचलेली माणसं, घाबरायचं काय? पानिपतासाठी विश्वास पाटलांच्या 'पानिपत' (१९८८) शेजारी त्र्यं. शं. शेजवलकरांचं 'पानिपत' ठेवा. शेजवलकर कुणाची भीडभाड ठेवत नाहीत, भाऊची नाही आणि वाचकाची तर मुळीच नाही. बखरी चवीसाठी वाचायच्या. त्यातल्या फौजांचे आकडे मात्र परीक्षेत कॉपी केलेल्या उत्तरासारखे, छाननी केल्याशिवाय खरे धरू नयेत.

खरी मजा पत्रांत आहे. सरदेसाईंनीच पेशवे दफ्तरातले निवडक कागद १९३० नंतर ४५ खंडांत छापले. मूळ मोडी, छापलेलं बाळबोध. पहिलं पत्र वाचताना माझा फ्यूज उडाला, कारण तारीखच कळेना! पत्राच्या शेवटी नुसता चंद्र : अमुक रज्जब, तमुक साबान. वर्ष असलंच तर शुहूर सनात, तेही आकड्यात नाही, अरबी शब्दांत. 'इहिदे सितैन मया व अलफ' म्हणजे एक, साठ, शंभर आणि हजार, बेरीज ११६१. हा सन मृगाला, म्हणजे जूनच्या सुरुवातीला बदलतो. म्हणून जून ते डिसेंबरमध्ये ५९९ मिळवायचे आणि जानेवारी ते मृगापर्यंत ६००. पानिपत जानेवारीतलं, म्हणून ११६१ अधिक ६००, आलं १७६१. जमलं की नाही? पण बऱ्याच पत्रांत वर्षच नसतं. मग मजकुरावरून संपादकाने अंदाजाने घातलेलं असतं. आणि वर्ष एकाने सरकलं तर काकापुतण्यातलं भांडण आधी आणि समेट नंतर, की उलट, सगळं फिरतं. एका साइन कन्व्हेन्शनवर अख्खं गणित जावं तसं.

हे सगळं कशासाठी, असं माझा रूम पार्टनर विचारतो. त्याला मी आनंदीबाईचं उदाहरण देतो. ३० ऑगस्ट १७७३ ला नारायणरावांचा खून झाला. "धरावे" चं "मारावे" केलं, 'ध' चा 'मा' केला, ही गोष्ट शाळेत नाही शिकली असा कोण आहे? वाक्प्रचारच झालाय. अडीचशे वर्षं एका बाईच्या नावावर एक अक्षर चिकटलंय. रामशास्त्र्यांनी दोषी धरलं ते राघोबादादांना, प्रायश्चित्त सांगितलं ते त्यांनाच, पण म्हणीत दादा कुठेच नाहीत. मी म्हणत नाही की ती निर्दोष होती. पण व्हायवाला साधा ग्राफ दाखवला तरी सर विचारतात, रीडिंग्ज कुठायत? मग इथे का विचारू नये? पार्टनर यावर गप्प झाला, आणि 'स्वामी' घेऊन गेला. अजून परत दिलेली नाही.

थेऊर पुण्याहून सोलापूर रस्त्याने जेमतेम पंचवीस किलोमीटर. बाईक काढाच. चिंतामणीच्या देवळात गर्दी असते, माधवराव गेले ते याच आवारात. तिथून नदीकडे चालत गेलात की रमाबाईंचं स्मारक लागतं. तिथे रांग नसते.