अंगणातील वेल केव्हा लावावी?

हॉपची वेल घरी केव्हा लावावी, असा प्रश्न आदिलाबादकडील एका तरुणाने आम्हांस विचारला. बिअरला कडवटपणा व टिकाऊपणा येतो तो या वेलीच्या मादी फुलांमुळे. बाराव्या शतकात संत हिल्डेगार्ड या मठवासिनीनेही पेय टिकविण्याचा तिचा गुण नोंदवून ठेवला आहे. थंड मुलखात वसंत ऋतूत, जमिनीत ऊब येऊ लागली की तिची मुळे लावतात. आपल्या देशात ती हिमाचल प्रदेशातील लाहौल खोऱ्यात पिकते. आदिलाबादेत मात्र ती कोणत्याही महिन्यात लावली, तरी फारशी आशा धरू नये.

ही वेल दिवसाची लांबी ओळखते. उत्तरेकडील प्रदीर्घ उन्हाळी दिवसांत ती दोन-तीन पुरुष उंच चढते आणि दिवस आखडू लागले की फुलते. आमच्याकडे जूनमधला सर्वांत मोठा दिवसही सव्वातेरा तासांचाच. तो तिला तोकडा पडतो. अंगी बळ येण्यापूर्वीच ती फुलू लागते आणि फुले येतात ती मोजकीच.

दिवस पाहून फुलण्याचा हाच स्वभाव आपल्या देशी वालाचा आहे. आपले तेलुगू शेजारी त्याला चिक्कुडू म्हणतात. त्याला मात्र आमचाच दिवसमान मानवतो. मृगाचा पाऊस बसला की, म्हणजे जूनच्या मध्यापासून आर्द्रा संपेपर्यंत, त्याचे बी टोचावे. श्रावण-भाद्रपदात वेल मांडव व्यापते आणि दिवाळीच्या सुमारास फुलोरा धरते. ऑगस्ट उलटल्यावर बी लावले, तर दिवस लहान झालेलेच असतात. हातभर वेल फुलते आणि मूठभर शेंगा देऊन थकते. (बारमाही येणाऱ्या बुटक्या नव्या जातींना हा नियम लागू नाही.)

एका वर्षी भाद्रपदात नुसता पाला पाहून आम्ही वांझ वेल म्हणून ती उपटून टाकली. शेजारच्या आजी हळहळून म्हणाल्या, "अहो, थंडी तरी पडू द्यायची होती!" त्यांच्या कुंपणावरच्या शेंगा आम्ही माघापर्यंत मागून खाल्ल्या.

आमची काळी जमीन पाणी धरून ठेवते, म्हणून आळे खोलगट न करता मातीचा उंचवटा करावा. तीन-चार बिया बोटाच्या पेरभर खोल टोचून दोन जोमदार रोपे राखावीत. शेणखत बेताचेच घालावे. वालाच्या मुळांवरील गाठी हवेतील नत्र स्वतःच मिळवतात, आणि खत फार झाले तर पालाच माजतो. शेंड्यांवर मावा दिसताच ते शेंडे खुडून टाकावेत. तळच्या चार भरदार शेंगा न तोडता वेलीवरच वाळू द्याव्यात व बी राखेत घोळवून पुढच्या मृगासाठी मडक्यात ठेवावे.