कार्निव्हलच्या आधीची क्लॉडिया

ऑगस्ट संपत आला की लंडनमध्ये नॉटिंग हिल कार्निव्हल भरतो आणि वर्तमानपत्रांत क्लॉडिया जोन्सचं नाव एकदा येऊन जातं. ‘कार्निव्हलची जननी’ अशी तिची ओळख करून दिली जाते, एखादा हसरा फोटो छापला जातो, विषय संपतो. ब्रिटिश टपाल खात्याने २००८ मध्ये तिच्यावर तिकीटही काढलं. ही ओळख खोटी नाही, पण सोयीची आहे. या बाईला अमेरिकेने तुरुंगात टाकलं, मग देशाबाहेर काढलं, ते तिने लिहिलेल्या आणि बोललेल्या शब्दांसाठी. तिच्या मृत्यूला साठ वर्षं उलटून गेली आहेत. आता तरी तिची गोष्ट त्या शब्दांपासून सांगायला हवी.

क्लॉडिया व्हेरा कम्बरबॅच हे तिचं जन्मनाव. २१ फेब्रुवारी १९१५ रोजी त्रिनिदादच्या राजधानीत, पोर्ट ऑफ स्पेनमधल्या बेलमाँट भागात ती जन्मली. त्रिनिदाद तेव्हा ब्रिटिशांची वसाहत होती. ऊस आणि कोको यांवर बेटाचं पोट चालायचं. पहिल्या महायुद्धानंतर कोकोचे भाव कोसळले, त्यात कम्बरबॅच कुटुंबही खचलं. १९२२ मध्ये आईवडील नशीब काढायला न्यूयॉर्कला गेले आणि १९२४ च्या फेब्रुवारीत मुलींना त्यांच्या मागोमाग बोटीने धाडण्यात आलं. क्लॉडिया नवव्या वर्षाच्या उंबरठ्यावर होती.

नशीब काही निघालं नाही. आई कपड्यांच्या कारखान्यात शिवणकाम करायची. वयाच्या सदतिसाव्या वर्षी मशीनवर बसलेली असतानाच ती गेली. हार्लेम या न्यूयॉर्कच्या कृष्णवर्णीय वस्तीतलं घर ओल धरलेलं, शेजारून उघडं गटार वाहायचं. शाळेत क्लॉडिया हुशार होती, उत्तम नागरिकत्वाचं बक्षीसही तिने मिळवलं होतं. पण पदवीदान समारंभाला घालायला साजेसा पोशाख घेण्याइतके पैसे घरात नव्हते, म्हणून ती समारंभालाच गेली नाही. सतराव्या वर्षी क्षय झाला. जवळपास वर्षभर ती सॅनेटोरियममध्ये होती आणि तिथे मिळेल ते वाचत राहिली. पुढचं सगळं आयुष्य तिने या दुबळ्या फुप्फुसांवर आणि खिळखिळ्या झालेल्या हृदयावर काढलं.

मग लाँड्रीत काम, कारखान्यात काम, दुकानात विक्रीचं काम. हार्लेममध्ये त्या काळी चौकाचौकांत सभा चालायच्या. अलाबामातल्या स्कॉट्सबरो खटल्यात नऊ कृष्णवर्णीय पोरांवर गोऱ्या मुलींच्या बलात्काराचा खोटा आरोप झाला होता आणि एक वगळता सगळ्यांना फाशी ठोठावली गेली होती. त्यांच्या बाजूने कोर्टात आणि रस्त्यावर कोण उभं आहे, हे ती पाहत होती. ते कम्युनिस्ट होते. १९३५ मध्ये मुसोलिनीने इथिओपियावर हल्ला केला, तेव्हाही हार्लेममध्ये ठामपणे बोलणाऱ्यांत तेच होते. १९३६ मध्ये ती कम्युनिस्ट पक्षाच्या युवक संघटनेत, यंग कम्युनिस्ट लीगमध्ये दाखल झाली. जोन्स हे आडनावही तिथलंच, पोलिसांच्या नजरेतून निसटण्यासाठी घेतलेलं. पक्षाच्या ‘डेली वर्कर’ या वृत्तपत्रात ती लिहू लागली, तरुणांच्या साप्ताहिकाची संपादक झाली. १९४७ मध्ये पक्षाच्या महिला विभागाची जबाबदारी तिच्याकडे आली.

आता तिच्या खऱ्या कामाकडे येऊ. जून १९४९ च्या ‘पॉलिटिकल अफेअर्स’ या पक्षाच्या मासिकात तिचा एक दीर्घ लेख आला. ‘ॲन एंड टू द निग्लेक्ट ऑफ द प्रॉब्लेम्स ऑफ द निग्रो वुमन!’ असं त्याचं शीर्षक. शेवटचं उद्गारचिन्ह तिचंच.

लेखाच्या मागे काय वास्तव होतं, ते समजायला त्या काळच्या न्यूयॉर्कमधल्या ब्राँक्समध्ये जावं लागेल. सकाळी ठराविक नाक्यांवर कृष्णवर्णीय बायका हातात कागदी पिशवी घेऊन उभ्या असायच्या, पिशवीत कामाचे जुने कपडे. गोऱ्या घरच्या मालकिणी यायच्या, नजरेनं तपासायच्या, तासाच्या दरावर घासाघीस करायच्या आणि एकीला घेऊन जायच्या. आपल्याकडच्या मजूर अड्ड्यासारखंच, फक्त न्यूयॉर्कमध्ये त्याला ‘गुलामांचा बाजार’ असं उघड नाव पडलं होतं. एला बेकर आणि मार्व्हल कुक या दोन कृष्णवर्णीय लेखिकांनी १९३५ मध्ये त्यावर लिहिलं. कुक १९५० मध्ये स्वतः त्या रांगेत उभी राहिली आणि तिने पुन्हा लिहिलं. पंधरा वर्षांत बाजार हलला नव्हता.

क्लॉडियाचं म्हणणं असं की ही बाई तीन बाजूंनी दाबली जाते: कामगार म्हणून, काळी म्हणून आणि बाई म्हणून. ही तीन दडपणं वेगवेगळी मोजून त्यांची बेरीज करता येत नाही, ती एकमेकांना घट्ट करतात. म्हणून तिच्या प्रश्नाला हात घातला तर सगळ्याच शोषणाचा धागा हाती लागतो, आणि तिला शेवटच्या बाकावर बसवणारी चळवळ स्वतःचंच नुकसान करते. घरकामगारांना कायद्याचं संरक्षण नाही, युनियन त्यांच्याकडे फिरकत नाहीत, याचा हिशेब तिने मांडलाच. जॉर्जियातल्या रोझा ली इनग्रॅमचं प्रकरणही तिने तिथे उभं केलं. ही विधवा दुसऱ्याच्या जमिनीवर खपणारी, बारा मुलांची आई. शेजारच्या गोऱ्या शेतकऱ्याने तिच्यावर हल्ला केला, त्या झटापटीत तो मेला आणि तिला दोन मुलांसह फाशी ठोठावली गेली. पुढे देशभर ओरड झाल्यावर ती शिक्षा जन्मठेपेवर आली.

पण लेखाचा सगळ्यात धारदार भाग स्वतःच्या पक्षाबद्दलचा आहे. पुरोगामी म्हणवणाऱ्या गोऱ्या बायका सभा-समारंभात एखाद्या शिकलेल्या, नोकरी करणाऱ्या कृष्णवर्णीय बाईशी गोड बोलतात आणि बोलता बोलता विचारतात, तुमच्या घरातली कुणी आमच्याकडे कामाला येईल का? क्लॉडियाने हे पक्षाच्याच मासिकात छापलं. घरचं उणं चव्हाट्यावर आणू नये, ही शिकवण सगळ्याच पक्षांत दिली जाते. तिने ती मानली नाही, आणि पक्षही सोडला नाही. मला यातली दुसरी गोष्ट पहिलीइतकीच अवघड वाटते.

एकमेकांत गुंतलेल्या अशाच दडपणांसाठी अमेरिकन कायदेतज्ज्ञ किम्बर्ले क्रेनशॉ यांनी ‘इंटरसेक्शनॅलिटी’ ही संज्ञा मांडली १९८९ मध्ये. आज विद्यापीठांत ती मुखोद्गत असते. त्याच्या चाळीस वर्षं आधी छापलेला हा लेख मात्र अनेक दशकं धूळ खात पडला होता, कारण तो एका कम्युनिस्ट बाईचा होता.

१९५० च्या महिलादिनी तिने शांततेसाठी भाषण केलं, ते लेखरूपानेही आलं. स्त्रियांनी युद्धाच्या तयारीला विरोध करावा, असा त्याचा सूर. कोरियाचं युद्ध काही महिन्यांवर येऊन ठेपलं होतं. जून १९५१ मध्ये तिला स्मिथ कायद्याखाली अटक झाली. सरकार बळाने उलथवण्याचा प्रचार हा त्या कायद्याने गुन्हा होता. तिच्याविरुद्धचा पुरावा काय, तर हाच लेख. फेब्रुवारी १९५३ मध्ये शिक्षा सुनावण्याआधी तिला बोलायची संधी मिळाली, तेव्हा तिने न्यायाधीशांना नेमकं हेच सुनावलं. सरकारी वकिलांनी लेखाचं नाव पुराव्यात दाखल केलं, पण त्यातली एक ओळसुद्धा ज्यूरीला वाचून दाखवायची त्यांची छाती झाली नाही. वाचली असती तर शांतता मागणं हाच गुन्हा ठरवला जातोय, हे ज्यूरीला कळलं असतं.

एक वर्ष आणि एक दिवस, शिवाय २०० डॉलर दंड. अपील फेटाळल्यावर जानेवारी १९५५ मध्ये वेस्ट व्हर्जिनियातल्या ऑल्डरसन तुरुंगात तिची रवानगी झाली. एलिझाबेथ गर्ली फ्लिन ही जुनी कामगार पुढारी तिच्याच खटल्यातली, तीही तिथेच होती. ऑक्टोबरात सुटका झाली आणि लगेच हद्दपारीचा आदेश समोर आला. नागरिकत्वासाठी तिने पूर्वीच अर्ज केला होता, तो राजकारणापायी नाकारला गेला होता. एकतीस वर्षं ज्या देशात काढली, तिथे ती कागदोपत्री परकीच राहिली.

जन्मभूमीने तरी घ्यावं? त्रिनिदादच्या वसाहती सरकारनेही तिला दार बंद केलं. ही बाई उपद्रवी ठरेल, अशी गव्हर्नर ह्युबर्ट रान्स यांना भीती होती. हेच रान्स ब्रह्मदेशाचे शेवटचे ब्रिटिश गव्हर्नर. एका देशातून साम्राज्याचा गाशा गुंडाळून आलेल्या माणसाला दुसऱ्या बेटावर एका आजारी बाईची धास्ती वाटावी, यात बरंच काही आलं. ती ब्रिटिश प्रजा असल्यामुळे ब्रिटनला तिला नाकारता येईना. डिसेंबर १९५५ मध्ये हार्लेमच्या हॉटेल थेरेसामध्ये तिला निरोप दिला गेला आणि ‘क्वीन एलिझाबेथ’ बोटीने ती इंग्लंडला निघाली.

लंडनमधली पहिली वर्षं वाईट गेली. ब्रिटिश कम्युनिस्ट पक्षाने तिच्या योग्यतेचं काम तिला दिलं नाही. तब्येत साथ देत नव्हती. पण शहर बदलत होतं. १९४८ पासून वेस्ट इंडीजमधून माणसं येत होती, बस चालवत होती, इस्पितळं सांभाळत होती आणि भाड्याच्या खोल्यांच्या दारावर ‘काळ्यांना जागा नाही’ अशा पाट्या वाचत होती. मार्च १९५८ मध्ये तिने ब्रिक्स्टनमधून ‘वेस्ट इंडियन गॅझेट’ सुरू केलं. पुढे त्याच्या नावात ‘आफ्रो-एशियन-कॅरिबियन न्यूज’ अशी भर पडली. त्यातल्या ‘एशियन’मध्ये एका भारतीयाचाही वाटा होता. अभिमन्यू मंचंदा हा डाव्या विचारांचा माणूस पत्राची व्यवस्था पाहायचा, तोच तिचा सोबतीही होता. डोनाल्ड हाइंड्स दिवसा बस कंडक्टर, उरलेल्या वेळात गॅझेटचा बातमीदार. पैशाची कायम चणचण, अंक वेळेवर निघेल याची खात्री नाही, आणि कू क्लक्स क्लानच्या नावाने धमकीचं पत्रही आलेलं.

गॅझेट निघून सहा महिने होत नाहीत तोच ऑगस्ट १९५८ मध्ये नॉटिंगहॅममध्ये आणि मग नॉटिंग हिलमध्ये गोऱ्या टोळ्यांनी कृष्णवर्णीयांवर हल्ले केले. क्लॉडियाने कार्निव्हल भरवला तो याला उत्तर म्हणून. ३० जानेवारी १९५९ रोजी सेंट पँक्रस टाउन हॉलमध्ये, बंद सभागृहात, कारण लंडनच्या जानेवारीत रस्त्यावर नाचणार कोण? बीबीसीने त्याचं चित्रण केलं. स्मरणिकेत एक छोटी नोंद होती: उत्पन्नाचा काही भाग नॉटिंग हिल प्रकरणात दंड झालेल्या काळ्या आणि गोऱ्या तरुणांचे दंड भरण्यासाठी जाईल. कॅलिप्सो, पोशाख, ढोल यांच्याखाली कोर्टाच्या दंडाची पावती होती. कार्यक्रमात सौंदर्यस्पर्धाही असायची, त्यावर आजच्या स्त्रीवादी भुवया उंचावतात. मला त्यात वावगं दिसत नाही. ज्या शहरातल्या मासिकांना आणि दुकानांच्या काचांना फक्त गोरं सौंदर्य ठाऊक होतं, तिथे काळ्या मुलीच्या डोक्यावर मुकुट ठेवणं ही साधी गोष्ट नव्हती. १९६६ मध्ये रस्त्यावर सुरू झालेला नॉटिंग हिलचा उत्सव वेगळ्या लोकांनी, ऱ्हॉन लास्लेट या स्थानिक कार्यकर्तीच्या पुढाकाराने उभा केला. तेव्हा क्लॉडिया नव्हती. ‘जननी’ म्हणताना एवढं लक्षात ठेवावं.

शेवटच्या वर्षांत १९६२ च्या राष्ट्रकुल स्थलांतर कायद्याविरुद्धची मोहीम, नागरी हक्कांसाठीच्या वॉशिंग्टन मोर्चाच्या पाठिंब्यासाठी अमेरिकन वकिलातीवर काढलेला मोर्चा, दक्षिण आफ्रिकेतल्या कैद्यांसाठी निदर्शनं असं सगळं चालू होतं. सोव्हिएत संघ तिने पाहिला, १९६४ मध्ये अणुबाँबविरोधी परिषदेसाठी जपानला आणि तिथून चीनला गेली, माओंना भेटली. या दोन्ही देशांनी ती भारावली होती. अमेरिकेतल्या आणि स्वतःच्या पक्षातल्या अन्यायावर इतकं नेमकं बोट ठेवणारी तिची नजर तिथल्या दडपशाहीकडे वळलेली तिच्या लेखनात फारशी दिसत नाही. हे तिच्या खात्यात मांडायलाच हवं.

२४ डिसेंबर १९६४ च्या रात्री ती घरात एकटीच असताना गेली. वय ४९. नाताळच्या दिवशी लोकांना कळलं. लंडनच्या हायगेट दफनभूमीत कार्ल मार्क्सच्या थडग्याच्या डाव्या हाताला तिच्या अस्थी आहेत. दगड बसवायला १९८४ उजाडावं लागलं. गॅझेट तिच्यामागे काही महिनेच तगलं.

कॅरल बॉइस डेव्हिस यांनी तिचं निवडक लेखन ‘बियाँड कंटेनमेंट’ या पुस्तकात एकत्र केलं आहे. घरकामगारांच्या संघटनेत काम करणाऱ्यांनी आणि स्त्री-अभ्यास शिकवणाऱ्यांनी त्यातला १९४९ चा लेख आधी वाचावा, आणि कुणीतरी तो पूर्ण, न कापता, मराठीत आणावा.