दिशाप्रतीके, जादूटोण्यातील

जादूटोण्याच्या विधींत चार मुख्य दिशा, चार उपदिशा आणि क्वचित ऊर्ध्व व अधर यांना जो शुभाशुभ अर्थ दिला जातो, त्यास दिशाप्रतीके म्हणता येईल. विधी करणाऱ्याने कोणीकडे तोंड करावे, सामग्री कोणत्या बाजूने आणावी, उतारा कोठे टाकावा, फेरा कोणत्या क्रमाने घ्यावा, हे सर्व या अर्थावर ठरते. या प्रतीकांची प्रयोजने स्थूलमानाने तीन आहेत : संरक्षणासाठी दिशा बांधणे, इष्ट वा अनिष्ट शक्ती विशिष्ट दिशेने पाठविणे आणि बाधा कोणत्या दिशेने आली याचे निदान करणे. यांपैकी पहिली दोन बहुतांशी सांकेतिक राहतात. तिसरे मात्र जिवंत माणसाकडे बोट दाखविते आणि म्हणूनच सामाजिक दृष्ट्या ते सर्वांत घातक ठरले आहे.

उगम : दिशांची भारतीय नावे उगवत्या सूर्याकडे तोंड करून उभ्या राहिलेल्या माणसाच्या शरीरावरून पडली आहेत. पूर्व म्हणजे समोरची, पश्चिम म्हणजे मागची आणि दक्षिण म्हणजे उजव्या हाताची. उत्तर म्हणजे वरची. ती डाव्या हाताला येते. मराठी बोलींतील उगवत व मावळत हे शब्दही सूर्याच्या गतीवरूनच आलेले आहेत. सूर्य उगवतो ती दिशा जन्माची व तेजाची आणि मावळतो ती अस्ताची, हा अर्थ त्यातून सहज निष्पन्न होतो. दक्षिण ही पितरांची व यमाची दिशा मानली गेली. धनत्रयोदशीला यमासाठी दक्षिणाभिमुख दिवा लावण्याची महाराष्ट्रातील प्रथा याच समजुतीची द्योतक आहे. उजवी बाजू मध्याकडे ठेवून घातलेली प्रदक्षिणा शुभ, तर तिच्या उलट घेतलेला अपसव्य फेरा पितृकर्माचा किंवा अभिचाराचा मानतात.

वैदिक वाङ्‌मय : दिशांचा संरक्षणार्थ व शत्रुनाशार्थ केलेला प्राचीन विनियोग अथर्ववेदात आढळतो. त्याच्या तिसऱ्या कांडातील सत्ताविसाव्या सूक्तात सहा दिशांपैकी प्रत्येकीला एक अधिपती, रक्षक म्हणून एक सर्प आणि बाण म्हणून एक वस्तू वा शक्ती नेमून दिली आहे. पूर्वेचा अधिपती अग्नी, रक्षक असित नावाचा सर्प व बाण आदित्य; दक्षिणेचा इंद्र, तिरश्चिराजी व पितर; पश्चिमेचा वरुण, पृदाकू व अन्न; उत्तरेचा सोम, स्वज व अशनी म्हणजे वीज. खालच्या स्थिर दिशेचा अधिपती विष्णू व वरच्या दिशेचा बृहस्पती होय. आपला द्वेष करणाऱ्यास आणि आपण ज्याचा द्वेष करतो त्यास या देवतांच्या जबड्यात देण्याची भावना प्रत्येक मंत्राच्या शेवटी आहे. येथे दक्षिणेचा अधिपती यम नसून इंद्र आहे व उत्तरेचा कुबेर नसून सोम आहे. पुढे रूढ झालेली इंद्र, अग्नी, यम, निर्ऋती, वरुण, वायू, कुबेर व ईशान ही अष्टदिक्पालांची मालिका आरंभापासून निश्चित नव्हती, हे यावरून स्पष्ट होते.

अथर्ववेदाशी संबद्ध असलेल्या कौशिकसूत्रात अभिचारकर्माचे जे नियम सांगितले आहेत, त्यांत नित्य यज्ञविधीचा क्रम जाणीवपूर्वक उलटविलेला दिसतो. दर्भाऐवजी शर नावाच्या गवताचे आसन, उजव्या हाताऐवजी डाव्याचा वापर, दक्षिणेकडे उतरती ओसाड जमीन व दक्षिणेकडे तोंड, ही त्याची लक्षणे होत. शुभ कर्म पूर्वेकडे वा उत्तरेकडे संपते, तर अभिचारकर्म दक्षिणेकडे संपते.

तांत्रिक षट्कर्मे : शारदातिलक या तंत्रग्रंथात शांती, वशीकरण, स्तंभन, विद्वेषण, उच्चाटन व मारण या सहा कर्मांना अनुक्रमे ईशान्य, उत्तर, पूर्व, नैर्ऋत्य, वायव्य व आग्नेय या दिशा नेमून दिल्या आहेत. या वाटणीत काही ठिकाणी अर्थाचा सरळ संबंध दिसतो : शांतिकर्म शिवाच्या ईशान्येस, कलह लावणारे विद्वेषण विनाशदेवता निर्ऋतीच्या दिशेस, माणसाला स्थानभ्रष्ट करणारे उच्चाटन वायूच्या दिशेस व मारण अग्नीच्या दिशेस. लोकसमजुतीत मृत्यूशी सर्वाधिक जोडलेली दक्षिण दिशा या यादीत मुळीच येत नाही, ही गोष्ट लक्षणीय आहे. शास्त्रग्रंथांतील व्यवस्था आणि लोकाचार यांचे मार्ग भिन्न असल्याचे यावरून दिसते.

दिग्बंध हा संरक्षणाचा विधी मात्र शास्त्रात व लोकाचारात समान आहे. साधक जपापूर्वी न्यास करतो आणि चुटक्या वा टाळी वाजवून आपल्याभोवतीच्या सर्व दिशा बांधल्याची भावना करतो. मांत्रिक हेच काम रेघ ओढून, राख किंवा मंत्रलेले तांदूळ, उडीद वा मोहरी टाकून आणि चार कोपऱ्यांत खिळे वा लिंबे ठेवून करतो.

महाराष्ट्रातील लोकाचार : ग्रामीण महाराष्ट्रात चार दिशांपेक्षाही आत व बाहेर हा भेद अधिक प्रभावी आहे. वेशीच्या आतील गाव सुरक्षित, तर शिवेपलीकडचा प्रदेश भूतपिशाचांचा, अशी ही कल्पना आहे. वेशीवरचा मारुती, शिवारातील म्हसोबा व वेताळ, तसेच कोकण व गोव्यातील राखणदार वा देवचार ही या सीमेची दैवते होत. दृष्ट काढल्यानंतर वा बाधेवर उपाय म्हणून केलेला उतारा तिठ्यावर किंवा चौरस्त्यावर ठेवतात. तेथे वाटा सर्व दिशांना फुटतात. त्यामुळे ती जागा कोणत्याच एका दिशेची नसते व तेथे ठेवलेली पीडा घराची वाट चुकते, असा त्यामागील समज दिसतो. उतारा टाकून परतताना मागे वळून न पाहण्याचा दंडकही याच कल्पनेतून आला आहे. मूठ मारणे या प्रकारात मंत्रलेले उडीद वा तत्सम पदार्थ शत्रूच्या दिशेने फेकल्याने त्यास इजा होते, असे मानले जाते.

नाशिक परिसर : एकाच दिशेचे परस्परविरोधी अर्थ कसे नांदतात, हे नाशिकच्या परिसरात चांगले पाहावयास मिळते. त्र्यंबकेश्वरनजीक ब्रह्मगिरीवर उगम पावून पूर्वेकडे निघालेली गोदावरी पंचवटीत रामकुंडापाशी दक्षिणेकडे वळते. दक्षिण ही पितरांची दिशा असल्याने हा दक्षिणवाहिनी प्रवाह अस्थिविसर्जनास व श्राद्धकर्मास विशेष पवित्र मानतात. अकाली वा अपघाती मृत्यू आलेल्यांसाठी त्र्यंबकेश्वर येथे नारायणबळी केला जातो. अभिचारात जी दिशा शत्रूच्या नाशाची, तीच येथे मृताच्या सद्‌गतीची ठरते. म्हणजेच प्रतीकाचा अर्थ दिशेत नसून विधीच्या हेतूत असतो.

जिल्ह्याच्या पश्चिम भागातील पेठ, सुरगाणा, त्र्यंबकेश्वर व इगतपुरी या तालुक्यांत कोकणा, वारली, महादेव कोळी इ. आदिवासी जमातींची वस्ती आहे. शिवेवरील वाघदेवाची पूजा व भगताकरवी दाणे पाहून आजाराचे कारण ठरविण्याची पद्धत त्यांच्यात आढळते. पूर्वेकडे नाशिक रोडच्या परिसरातील दसक, पंचक, चेहेडी, विहितगाव यांसारखी जुनी गावे आता शहरात मिसळून गेली आहेत. १९८२ मध्ये नाशिक महानगरपालिका स्थापन झाली. अशा विस्तारात गावाची वेस पुसली जाते व ‘गावाबाहेर’ या कल्पनेची जागा रहदारीचा चौक घेतो. लिंबू, नारळ व गुलाल यांचा उतारा शहरी चौकांतही दिसतो, तो यामुळेच.

इतर संस्कृतींत : दिशांना रंग, प्राणी वा महाभूते जोडण्याची रीत जगभर आहे. चिनी परंपरेत पूर्वेस निळा-हिरवा ड्रॅगन, दक्षिणेस शेंदरी पक्षी, पश्चिमेस पांढरा वाघ व उत्तरेस काळे कासव आहे. अमेरिकेतील नव्हाजो जमातीत पूर्व पांढरी, दक्षिण निळी, पश्चिम पिवळी व उत्तर काळी मानतात. १८८८ मध्ये लंडन येथे स्थापन झालेल्या ‘गोल्डन डॉन’ या गूढविद्या मंडळाने पूर्वेस वायू, दक्षिणेस अग्नी, पश्चिमेस जल व उत्तरेस पृथ्वी ही व्यवस्था रूढ केली. जेरल्ड गार्डनर यांनी विसाव्या शतकाच्या मध्यास प्रसृत केलेल्या विक्का या आधुनिक चेटूकपंथातही वर्तुळ आखून चार दिशांना आवाहन करण्याचा विधी आहे. ऑस्ट्रेलियातील काही अनुयायी अग्नीचे स्थान उत्तरेस मानतात. कारण दक्षिण गोलार्धात मध्यान्हीचा सूर्य सामान्यतः उत्तरेकडे असतो. ही प्रतीके मूलतः सूर्यानुभवावर उभारलेली असल्याचा हा बोलका पुरावा होय.

सामाजिक परिणाम व कायदा : आजार, गुरांचे मरण किंवा दूध आटणे यांचे कारण विचारले असता देवऋषी वा भगत पुष्कळदा नाव न घेता खूण सांगतो : बाधा अमुक दिशेकडून आली, अमुक बाजूला तोंड असलेल्या घरातून आली. दिशा मोघम असली, तरी लहान वस्तीत त्या बाजूला मोजकीच घरे असतात. पूर्वीचे भांडण, जमिनीचा वाद किंवा असूया यांच्या आधारे ऐकणारे स्वतःच नाव पुरे करतात आणि बहुधा ते एखाद्या विधवेचे वा एकाकी वृद्धेचे असते. सांगणारा नामानिराळा राहतो व त्या स्त्रीवर डाकीण किंवा भुताळी असल्याचा शिक्का बसतो. मारहाण, बहिष्कार, गावातून हुसकावणे व प्रसंगी हत्या येथपर्यंत त्याची परिणती होते. नंदुरबार जिल्ह्यातील सातपुड्याच्या भागात डाकीण ठरविण्याच्या प्रथेविरुद्ध अंधश्रद्धा निर्मूलनाच्या कार्यकर्त्यांना दीर्घकाळ प्रबोधन करावे लागले आहे.

महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समितीचे संस्थापक नरेंद्र दाभोलकर यांची २० ऑगस्ट २०१३ रोजी पुणे येथे हत्या झाली. त्यानंतर त्याच महिन्यात राज्य शासनाने जादूटोणाविरोधी अध्यादेश काढला व डिसेंबर २०१३ मध्ये विधिमंडळाने त्याचे अधिनियमात रूपांतर केले. एखादी व्यक्ती करणी करते, भूत लावते किंवा मंत्राने गुरांचे दूध आटविते असे सांगून तिच्याविषयी संशय निर्माण करणे व तिचे जगणे कठीण करणे हा या अधिनियमान्वये अपराध आहे. त्यासाठी ६ महिने ते ७ वर्षे कारावास व ५,००० ते ५०,००० रुपये दंड, अशी शिक्षा आहे. प्रदक्षिणा, परिक्रमा किंवा वास्तुशास्त्राविषयीचा सल्ला यांना मात्र अधिनियम लागू होत नाही. दिशेला अर्थ देणे हा अपराध नव्हे; त्या अर्थाच्या आधारे शेजारणीला दोषी ठरविणे हा अपराध आहे, असा भेद त्यातून सूचित होतो. दिशाप्रतीकांच्या अभ्यासातूनही हाच निष्कर्ष निघतो : सूर्याच्या गतीवरून माणसाने दिशांना अर्थ दिले, म्हणून त्या अर्थांच्या परिणामांचे उत्तरदायित्वही माणसावरच राहते.