दिलेल्या कोनातील रेषा आणि भास्कराचार्यांची ज्योत्पत्ति

दिलेल्या बिंदूतून जाऊन दिलेल्या रेषेशी दिलेला कोन करणाऱ्या रेषांची समीकरणे काढणे हा निर्देशक भूमितीतील प्राथमिक प्रश्न होय. अशा रेषा सामान्यतः दोन असतात. मूळ रेषेचा चढ म व कोन अ असल्यास त्यांचे चढ (म + टॅन अ) / (१ − म टॅन अ) आणि (म − टॅन अ) / (१ + म टॅन अ) येतात, हे सर्वांस पाठ असते. परंतु पुष्कळदा येथेच एक रेषा हरवते.

य = क्ष ही रेषा, (२, ३) हा बिंदू आणि ४५° कोन घ्यावा. दुसऱ्या सूत्रावरून चढ ० येऊन य = ३ ही रेषा मिळते. पहिल्यात छेद शून्य होतो, आणि विद्यार्थी एकच उत्तर लिहून थांबतो. क्ष = २ ही रेषा मात्र जागच्या जागी असते; उभ्या रेषेस चढ नसतो, इतकेच. दोष भूमितीचा नव्हे, साइनला कोसाइनने भागण्याचा.

तो भागाकार टाळल्यास बेरजेचा मूळ नियम हाती राहतो, आणि हा नियम खानदेशास परका नाही. शके १०७२ मध्ये (इ. स. ११५०) रचलेल्या सिद्धान्तशिरोमणीच्या ज्योत्पत्तीत भास्कराचार्यांनी तो दिला आहे: दोन चापांच्या ज्या परस्परांच्या कोटिज्यांनी गुणून त्रिज्येने भागाव्या, फलांची बेरीज ही चापांच्या बेरजेची ज्या, वजाबाकी ही अंतराची. पहिलीस समासभावना, दुसरीस अंतरभावना अशी नावे आहेत. याच ग्रंथांच्या अध्ययनासाठी त्यांचा नातू चांगदेव याने मठ स्थापिल्याचे जळगाव जिल्ह्यात चाळीसगावाजवळील पाटण येथील शके ११२८ चा शिलालेख सांगतो. भाऊ दाजी यांनी तो १८६५ मध्ये प्रसिद्धीस आणला. (आचार्यांचे जन्मग्राम कोणते, हा वाद त्याने मिटत नाही.) निर्देशकांची कल्पना अर्थात भास्कराचार्यांची नव्हे, देकार्तची भूमिती १६३७ ची.

मूळ रेषा क्ष-अक्षाशी ब कोन करीत असल्यास इष्ट रेषा अशा:

(क्ष − २) साइन (ब ± अ) = (य − ३) कोसाइन (ब ± अ)

ब = अ = ४५° ठेवताच क्ष = २ व य = ३ या दोन्ही रेषा मिळतात.

मूळ रेषा प क्ष + फ य + भ = ० अशी असून बिंदू (त, थ) असेल, तर क्ष − त = र व य − थ = ल मानून दोन्ही रेषांचे संयुक्त समीकरणही लिहिता येते:

(प र + फ ल)² = (प² + फ²)(र² + ल²) साइन² अ

वरील उदाहरणात ते र ल = ० असे होते. अ शून्य किंवा ९०° असता ते पूर्ण वर्गाचे रूप घेते, आणि दोन रेषांची एकच रेषा होते.