घामाचा हिशेब

कोरड्या उन्हात घाम दिसत नाही. मे महिन्यात उज्जैनच्या टावर चौकातून सकाळी आठला सायकलवर निघालं, की तासाभरात जर्सीवर मिठाच्या पांढऱ्या रेघा उमटतात, अंग मात्र कोरडंच राहतं. हवा घाम निघताक्षणी पिऊन टाकते. त्यामुळे माळव्यात वाढलेल्या माणसाला वाटतं, ऊन आपल्या अंगवळणी पडलं आहे. चाळीस अंशांत सायकल मारणाऱ्याला बत्तीस अंशांचं काय भय? हाच माणूस गोव्यात मिरामारच्या किनाऱ्यावर अर्ध्या अंतराच्या ट्रायथलॉनला उतरतो आणि धावण्याच्या टप्प्यात त्याचे पाय उचलेनासे होतात.

अर्धं अंतर म्हणजे 1.9 किलोमीटर पोहणं, 90 किलोमीटर सायकल आणि 21.1 किलोमीटर धावणं, मध्ये विश्रांती नाही. आयर्नमॅन या शर्यतमालिकेच्या नियमात यासाठी साडेआठ तास मिळतात. पूर्ण अंतर याच्या दुप्पट: 3.8, 180 आणि 42.2 किलोमीटर, मुदत साधारण सतरा तासांची. ही पूर्ण शर्यत 1978 मध्ये हवाईच्या ओआहू बेटावर पहिल्यांदा झाली तेव्हा पंधरा जण उतरले आणि बारा जणांनी ती पुरी केली. आपल्याकडे हा खेळ घरोघरी माहीत झाला तो 2015 मध्ये, अभिनेते मिलिंद सोमण यांनी पन्नाशीच्या उंबरठ्यावर झुरिचची पूर्ण शर्यत संपवली तेव्हा. 2019 मध्ये गोव्यात अर्ध्या अंतराची आयर्नमॅन शर्यत सुरू झाली, कोल्हापूरला राजाराम तलावात पोहून सुरू होणारी बर्गमन ट्रायथलॉन आहेच. पूर्ण अंतरासाठी मात्र बरेच जण मलेशियातल्या लंकावीची वाट धरतात, आणि तिथेही दमट उकाडाच असतो. म्हणून मोठ्या शर्यतीच्या पाच-सहा आठवडे आधी एक उष्ण हाफ करावी असं या खेळातले अनुभवी लोक सांगतात.

पण ती कशासाठी करायची, याबद्दल लोकांचा घोळ होतो. बहुतेक जण तिथे चांगली वेळ नोंदवायला जातात, जीव तोडून धावतात, पदक घेतात आणि मग दोन आठवडे सरावाला मुकतात. माझं मत स्पष्ट आहे: सरावाची हाफ ही मोठ्या शर्यतीच्या वेगानेच करायला हवी. थंड हवेत जी दुखणी आठव्या-नवव्या तासाला वर येतात, ती उन्हात चौथ्या तासालाच दिसू लागतात. पोट बिघडणं, पेटके, त्याच वेगाला नाडी चढत जाणं, डोकं जड होणं, हे सगळं मोठ्या शर्यतीत भेटणारच असतं. त्याची ओळख आधी व्हावी, आणि तीही अशा अंतरावर की दुसऱ्या आठवड्यात माणूस पुन्हा सायकलवर बसू शकेल. उष्ण हाफचा खरा उपयोग तेवढा, आणि तो मोठा आहे.

उज्जैनच्या फ्रीगंजात पहाटे टावरखाली जमणारे आम्ही सायकलवाले एरवी उजाडण्याआधीच निघतो. देवास रोडने देवासपर्यंत जाऊन परतलं की सत्तर-पंचाहत्तर किलोमीटर होतात, नव्वदातले उरलेले गावाबाहेर फेऱ्या मारून भरून काढायचे. परतल्यावर पोहे-जिलबी, हा माळव्याचा नेमच. गोव्याच्या हाफची तयारी सुरू झाल्यावर मात्र आठवड्यातून काही दिवस मुद्दाम उशिरा निघायला लागलो. आमच्या आळीतले मोरगावकडचे एक काका रोज चौकात पेपर घ्यायला येतात. ते एकदा म्हणाले, ‘‘अरे, उन्हं चढायच्या आत घरी यायचं, ही रीत आहे. तुम्ही उलटं काय चालवलंय?’’ त्यांची काळजी खरी होती. उत्तर एवढंच, की उन्हाची सवय शरीराला उन्हातच लागते. रोज तासभर ते दीड तास उष्णतेत हलका व्यायाम केला, तर दहा-चौदा दिवसांत रक्तातला द्रव वाढतो, घाम लवकर सुटायला लागतो, घामातलं मीठ कमी होतं आणि तेवढ्याच कामाला नाडी खाली राहते. सराव सुटला की ही कमाई काही आठवड्यांत ओसरते, म्हणून ती शर्यतीच्या जवळच करावी लागते.

कोरड्या उन्हाची सवय दमट हवेत सगळी उपयोगी पडत नाही, याचं कारण साधं आहे. पेडलवर दीडशे वॅट जोर लावणारा माणूस प्रत्यक्षात त्याच्या चौपट ऊर्जा जाळतो. उरलेले साडेचारशे वॅट, म्हणजे शंभर वॅटच्या जुन्या चार-पाच दिव्यांची उष्णता, सगळी अंगात राहते. ती बाहेर काढण्याचा मुख्य मार्ग घाम वाळणं हा. एक लिटर घाम पूर्ण वाळला तर जवळजवळ 580 किलोकॅलरी उष्णता घेऊन जातो. म्हणजे त्या सायकलस्वाराला तासाला पाऊण लिटरच्या आसपास घाम वाळवावा लागतो, वरून सूर्याची उष्णता वेगळी. उज्जैनमध्ये तो वाळतो. गोव्याच्या किनाऱ्यावर हवाच पाण्याने भरलेली, त्यामुळे घाम हनुवटीवरून, कोपरांवरून ठिबकत राहतो. ठिबकलेला घाम शरीर थंड करत नाही, फक्त पाणी आणि मीठ घेऊन जातो.

यावर आमच्याकडे एक देशी उपाय निघाला. माळव्यात घरोघरी कूलर असतो. खिडक्या बंद ठेवून कूलर चालवला की थोड्या वेळात खोली ओलसर, कोंदट होते, भिंतीही चिकट लागतात. त्या खोलीत ट्रेनरवर, म्हणजे जागच्या जागी सायकल चालवायच्या स्टँडवर, सायकल लावून पाऊण तास मारायची. बरोबर घरातलं कुणीतरी हवं, दार उघडं राहील असं हवं, आणि गरगरलं तर त्याच क्षणी थांबायचं. किनाऱ्याची हुबेहूब नक्कल यातून होत नाही, पण चिकट घामाला अंग बुजत नाही.

घामाचा हिशेब वजनकाट्यावर होतो. सरावाआधी आणि नंतर अंग पुसून, कपड्यांशिवाय वजन करायचं. वजन एक किलोने कमी झालं आणि मध्ये अर्धा लिटर पाणी प्यायलं असेल, तर दीड लिटर घाम गेला. तासांनी भागा, तुमचा दर निघाला. तो माणसागणिक फार वेगळा असतो, म्हणून मित्राची बाटली पाहून आपली ठरवू नये. गेलेलं सगळं पाणी भरून काढण्याचा हट्ट तर मुळीच धरू नये. 2002 च्या बोस्टन मॅरेथॉनमध्ये अंतिम रेषेवर 488 धावपटूंचं रक्त तपासलं गेलं, तेव्हा सुमारे 13 टक्क्यांच्या रक्तात सोडियम नेहमीच्या पातळीखाली उतरलेलं आढळलं. जे जास्त पाणी प्यायले, ज्यांचं वजन शर्यतीत वाढलं, त्यांना तो धोका अधिक होता. तहानेने पाणी मागितलं तरच प्यावं आणि त्यात मीठ असावं, हे उन्हातलं साधं शहाणपण.

मिठासाठी बरेच जण ओआरएसची पुडी वापरतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या सध्याच्या सूत्राप्रमाणे एका लिटरात 2.6 ग्रॅम मीठ आणि 13.5 ग्रॅम ग्लुकोज असतं. मिठाला ते उत्तम, पण खाण्याला अपुरं, कारण लांब शर्यतीत तासाला साधारण साठ ग्रॅम, सरावलेल्याला त्याहून जास्त कर्बोदकं लागतात. ती केळी, खजूर, चिक्की, मीठ लावलेला उकडलेला बटाटा, जेल, गोड पेय अशी कशीही चालतात. खरी अडचण पोटाची. उन्हात रक्त कातडीकडे धाव घेतं, पोटाला कमी मिळतं. घरी आरामात पचलेलं जेल उन्हात नव्वद किलोमीटर सायकल मारल्यावर नको नको होतं. चिक्की कोरड्या तोंडात चघळणं हे तर एक स्वतंत्र काम आहे. म्हणून पोटाचाही सराव करावा लागतो: त्याच वेळेला, त्याच उन्हात, तेच अन्न.

गोव्यात पोहणं समुद्रात असतं. ऑक्टोबर-नोव्हेंबरात तिथलं पाणी इतकं उबदार असतं की वेटसूटचा प्रश्नच उरत नाही, शिवाय नियमाप्रमाणे साडेचोवीस अंशांच्या वर तो घालणाऱ्याला बक्षीस मिळत नाही. तरणतलावात पट्ट्या पाहून पोहणाऱ्या उज्जैनकराला लाटांमध्ये दर काही हातांमागे मान वर काढून दिशा पाहणं, हेच पहिलं शिक्षण. त्याहून उपयोगाचं शिक्षण सायकलवर. ताशी तीस किलोमीटर वेगाला अंगावर वारा लागत राहतो, घाम वाळतो, उकाडा जाणवत नाही आणि माणूस जोर लावत सुटतो. सायकल रॅकवर टांगून बूट घालून धावायला लागलं, की तो वारा गायब होतो. पहिल्या किलोमीटरात नाडी झपाट्याने चढते. आमच्या गटातले जे घड्याळातल्या वेगाकडे पाहत होते, ते लवकर चालायला लागले. जे नाडीकडे पाहत होते, पाण्याच्या टेबलापाशी चालत होते, डोक्यावर पाणी ओतून टोपीत बर्फ ठेवत होते, ते शेवटपर्यंत धावले. माझ्या वहीत शर्यतीनंतर वेळ लिहिलेली नाही. कोणत्या तासाला काय खाल्लं, ते केव्हा नकोसं झालं, वजन किती उतरलं आणि धावताना नाडी कुठे पोचली, एवढंच आहे. मोठ्या शर्यतीची योजना त्या एका पानावरून तयार झाली.

पुण्या-मुंबईत या खेळाचे प्रशिक्षक आहेत. छोट्या शहरांत मात्र मंडळी एकमेकांकडूनच शिकतात, आणि ते काम चांगलं चालू आहे. पण उष्णतेत एक गोष्ट सगळ्यांना पाठ असलीच पाहिजे. बरोबरचा माणूस असंबद्ध बोलू लागला, तोल जाऊ लागला, चिडचिडा किंवा गोंधळलेला दिसला, तर ते दमणं समजू नका. उष्माघात असू शकतो. त्याला तिथेच थांबवा, सावलीत घ्या, कपडे सैल करा, बर्फाच्या किंवा गार पाण्यात बसवा. ते नसेल तर अंगभर पाणी ओतत वारा घाला, आणि कुणीतरी रुग्णवाहिका बोलवा. पूर्ण शुद्धीत नसेल तर तोंडाने काही पाजू नका. आधी गार करायचं आणि मगच हलवायचं, हा क्रम उन्हात निघणाऱ्या प्रत्येक गटाने निघण्यापूर्वी एकमेकांना सांगून ठेवावा.